पलंगाशेजारची ओली फरशी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तुला लिहायला बसलोय. ज्यांना वाचता येतं ते सगळे या घरात अजून झोपलेत, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा कागद पडू नये असं मला वाटतं. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. आता त्याच्याच कानाजवळचे केस पिकलेत. मधल्या काळात काही सांगण्यासारखं असलं की ते मी बायकोला सांगायचो. तीही गेली. पण आजचं हे तिलाही सांगता आलं नसतं, लाज वाटली असती. तुझ्यापुढेही वाटतेच आहे, पण तू माझं लहानपणापासूनचं सगळं धुतलेलं आहेस.

हे घर तू पाहिलं नाहीस. मुलाला शाळेवर नोकरी लागली, मग त्यानं परभणीत, वसमत रोडच्या अंगाला, हे घर बांधलं. घरातली सगळी फरशी मी घातली. ते माझं शेवटचं काम. त्यानंतर गुडघ्यांनी जमिनीवर बसायला साफ नकार दिला. बाहेरच्या खोलीत मुलाच्या हौसेनं चकचकीत टाईल्स आल्या, पण माझ्या खोलीत मी हट्टानं कोटा दगड घातला, हिरवट, गुळगुळीत, उन्हाळ्यात पाय टेकले की बरं वाटावं असा. गच्चीवर सोलर बसवलाय. तुझ्या वेळी गरम पाणी म्हणजे चुलीवरचा हंडा. आता ऊनच पाणी तापवतं, आणि ते पाणी भिंतीतून खाली येऊन, माझ्या खोलीच्या फरशीखालून, पलीकडच्या न्हाणीत जातं. तो पाईप माझ्या पलंगाच्या अगदी कडेनं गेलाय. जिथं मी सकाळी उठून पाय टेकतो, तिथंच.

होळी झाली आणि त्या जागी फरशीवर एक काळपट डाग दिसायला लागला. आधी ताटलीएवढा, मग परातीएवढा. सुनेनं तो पुसला. दुसऱ्या दिवशी तिनं फिनेल टाकून पुसला. फिनेलचा वास खोलीभर पसरला. आपल्या घरात फिनेल कशासाठी काढतात ते मला चांगलं माहीत होतं. डाग काही जाईना. मग एक दिवस जेवून खोलीत आलो तर गादीवर रबरी चादर घातलेली, वर नेहमीची चादर. हललं की खालून करकर आवाज येई. चार दिवसांनी पलंगाखाली दवाखान्यात देतात तसं प्लास्टिकचं भांडं ठेवलेलं दिसलं. कुणी ते मला दाखवलं नाही, कुणी त्याबद्दल बोललं नाही. मला वाटतं, कुणी तोंडावर बोललं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

नातीला माझ्या पलंगावर मांडी घालून अभ्यास करायची सवय. तिला आईनं बाहेरून हाक मारली, "तिथं नको बसू गं, इकडं ये टेबलापाशी." पोरगी वह्या गोळा करून गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आठवीतली मुलगी, तिला सगळं कळतं. त्या दिवसापासून मी चार वाजल्यानंतर पाणी प्यायचं सोडून दिलं. चैतातलं परभणीचं ऊन, माय, ओठ फुटायचे. पण तहान परवडली. जीभ टाळूला चिकटलेली असली तरी रात्रीच्या जेवणाला मी तांब्या उचलून फक्त ओठाला लावायचो, म्हणजे कुणी विचारायला नको.

आणि हेही सांगून टाकतो, की मलाही स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. कधी पहाटे पायजमा ओलसर लागायचा. मी म्हणायचो, घाम असेल. उन्हाळाच आहे, वर ती रबरी चादर. उठून बसायचो आणि खाली डागाकडे पाहत राहायचो. आयुष्यभर लोकांच्या घरातली ओल ओळखून दिली. परभणी, पूर्णा, गंगाखेड, कुणाची फरशी काळी पडली की मला बोलावणं यायचं. स्वतःच्या पलंगाशेजारी बसून मात्र मी मान खाली घालून मानून घेतलं, की ही माझीच. तपासायलासुद्धा हात लावला नाही. तपासलं आणि खरं निघालं तर काय करायचं?

मग एका रविवारी मुलगा येऊन पलंगावर बसला. इकडचं तिकडचं बोलला. पावसाचा अंदाज बोलला, शेजाऱ्याच्या मोटरसायकलीबद्दल बोलला. मुलगा माझ्यासारखाच, मुद्द्यावर यायला त्याला फार वेळ लागतो.

"अण्णा," शेवटी म्हणाला, "मागची खोली रिकामीच हाय. तिथं न्हाणी लागूनच पडती. रात्री उठायला तुमाला बरं पडंल."

"इथं काय वाईट हाय?" मी विचारलं.

"वाईट न्हाई. पर..." तो फरशीकडे बघत बोलत होता. "तुमाला तरास नको म्हणून."

मागची खोली म्हणजे पत्र्याची. सिमेंटच्या उरलेल्या गोण्या, मोडकी सायकल, कूलर ठेवायची जागा. तिथून घरातलं बोलणं ऐकू येत नाही. तिथं जाणारा माणूस जेवायला हाक मारली की येतो आणि जेवण झालं की जातो. बाहेरच्या खोलीतली बाबासाहेबांची तसबीर, टीव्हीचा आवाज, नातीचं मोठ्यानं पाठ करणं, सुनेचं भांड्यांवर चिडणं, हे सगळं माझ्या खोलीच्या दारातून मला मिळतं. मुलगा वाईट नाही गं. त्याला खरंच वाटत होतं की माझी सोय होईल. मी म्हणालो, "बघू." तो उठून गेला. आता तपासल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागल्यावर मी खाली बसलो. कसा बसलो ते विचारू नको. आधी उलटा हात लावला. तळहात फसवतो, उलटा हात फसवत नाही, हे तूच शिकवलंस. फरशी कोमट होती. नुसती ओली नाही, कोमट. मग डागाचा आकार नीट पाहिला. सांडलेलं पाणी उताराकडे पळतं, आणि माझ्या खोलीला उतार दाराकडे दिलाय, मीच दिलाय. हा डाग मात्र उताराला आडवा, लांबुळका, भिंतीकडून न्हाणीकडे पसरलेला. कडेनं सांध्यातून पांढरा लोणा फुटलेला. आपलं बोअरचं पाणी खारट, ते मुरत मुरत वर आलं की मीठ वरती सोडून जातं. नाण्यानं ठोकून पाहिलं तर दोन फरशा पोकळ वाजल्या. गाल टेकवून कान लावला तेवढ्यात नात दारात आली.

"आबा, तुमी जमिनीवर का झोपायलाव?"

"चष्मा पडलाय," मी म्हणालो. चष्मा माझ्या नाकावर होता. ती हसली, आणि मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

तरी मनाची खात्री होईना. तेव्हा तुझी वाटी आठवली. ताडकळसच्या आपल्या जुन्या घरात नवी ज्वारी आली की पोतं टेकवायच्या आधी तू त्या जागी पितळेची वाटी पालथी घालायचीस आणि कडेनं कणीक लिंपायचीस. सकाळी वाटी उचलून आत बोट फिरवायचीस. बोट ओलं झालं तर जागा बदलायची. बाप म्हणायचा, कणकेची नासाडी. तू म्हणायचीस, "वरची ओल वाळती, खालची धान खाती." मी स्वयंपाकघरातून वाटी आणि मळलेल्या कणकेचा गोळा उचलला, सून भाजीला गेलेली बघून. चोरासारखा. पलंगाच्या पायाआड, डागावरच, वाटी लिंपली. सकाळी उचलली तर आत थेंब लोंबत होते. वरून एक थेंब जायला वाट नव्हती, म्हणजे पाणी खालून येत होतं. माय, म्हातारपणी मी लहान मुलासारखा रडलो, वाटी हातात धरून.

मग गच्चीवर जाऊन सोलरचा कॉक बंद केला. दोन दिवस घरात ओरड झाली, गरम पाणी का येत नाही म्हणून. डाग फिकट पडला. कॉक उघडला, दुपारपर्यंत डाग पुन्हा काळा. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना खोलीत बोलावलं. सुनेची आई बोरीहून पाहुणी आली होती, तिलाही बोलावलं. शेजारी सहज "जयभीम" करायला डोकावला, त्यालाही म्हणालो, ये, बस. मला साक्षीदार हवे होते. मी वाटी दाखवली, लोणा दाखवला, उतार दाखवला. बोलताना माझा आवाज चढत गेला.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, पुन्हा सगळ्यांना गोळा करून मी दोन फरशा उचलायला लावल्या. खाली माती काळीशार चिखल झालेली आणि पाईपच्या वळणाचा जोड सुटलेला. प्लंबर म्हणाला, "लाईन तापली की वाढती, निवली की आकसती. वरून सिमेंटचा माल असा गच्च भरल्यावर ती सरकंल कुठं? जोडच सुटणार की."

"माझीच चूक," मी मोठ्यानं म्हणालो. "माल मीच भरला व्हता. पाईप घालणारा म्हणत व्हता, थोडी वाळू टाका, जागा ठिवा. म्या ऐकलं न्हाई."

चाळीस वर्षांत मी कधी मालकापुढे चूक कबूल केली नव्हती, माझा स्वभाव तुला माहीतच आहे. गंगाखेडच्या त्या डॉक्टरांच्या बंगल्यावर मी फरशीला फरशी इतकी भिडवली होती की तुला सांध्यात सिमेंट भरता येईना. तू माझ्याच हाताखाली सांधे भरायला असायचीस, कामावर मला मिस्त्री म्हणायचीस, एसटीत बसलो की लेकरा. तू हातातला बोळा खाली टाकलास आणि सगळ्या बिगाऱ्यांपुढे म्हणालीस, "मिस्त्री, माल जायला तरी जागा ठिवा. एवढं गच्च कशापायी? कुणाला दाखवायचंय?" सगळे हसले. मी दिवसभर तुझ्याशी बोललो नाही, आणि सांधेही मोठे केले नाहीत. तीच खोड माझ्या घरात फरशीखाली गेली. पण त्या दिवशी ती चूक सांगताना मला इतका आनंद होत होता, की मी ती शेजाऱ्याला पुन्हा सांगितली. हात चुकला होता, देह नव्हे. हाताची चूक माणूस चार लोकांत सांगू शकतो.

तिथंच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मी थांबलो नाही. गादीवरची चादर ओढली, खालची रबरी चादर उपसली आणि अंगणात भिरकावली. भांडं तिच्या मागोमाग. सुनेच्या आईकडे वळून म्हणालो, "तुमच्या पोरीला वाटलं म्हातारा गादी भिजवायलाय. म्या काय पाळण्यातलं लेकरू हाव? पत्र्याच्या खोलीत टाकायला निघाले व्हते मला." सुनेची आई पदराची कड चाचपत राहिली. मुलगा म्हणाला, "अण्णा, बस झालं." सून भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. सगळे गेल्यावर चहा घेऊन आली, कप ठेवला, वाकून पाया पडली. आपल्याकडे आता असं कुणी रोज पाया पडत नाही.

"मामा, चुकलं माझं," म्हणाली.

सासऱ्याला ती मामा म्हणते. मी तिच्याकडे बघितलं नाही. "असू दे," म्हणालो, न्यायाधीशासारखा. चहा निवेपर्यंत प्यायलो नाही, तिला दिसावं म्हणून. ती गेल्यावर मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की आता अंगावर काटा येतो.

फरशा पुन्हा बसवल्या. खाली वाळू, सांध्याला जागा, सगळं रीतसर. मीच खुर्चीवर बसून करून घेतलं. खोली कोरडी झाली. नात पुन्हा पलंगावर मांडी घालून बसायला लागली. मी संध्याकाळीही पोटभर पाणी प्यायला लागलो. मागच्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. आणि आज पहाटे जाग आली ती कमरेखाली गार लागल्यामुळे.

खाली हात घालून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत. ओला मी होतो, आणि चादर. ही ओल कुठून आली हे ठरवायला वाटी पालथी घालायची गरज नव्हती. मी अंधारातच चादर ओढून काढली, गादी किती भिजली ते बघावं म्हणून. गादी भिजलेली नव्हती. चादरीखाली एक दुपटं होतं. मऊ, जुन्या सुती लुगड्यांचं, चार पदरी, आणि मधल्या पदरात प्लास्टिक शिवून घेतलेलं, आवाज होऊ नये असं. कडेला बारीक टाके. सुनेच्या हातचे टाके मी ओळखतो. शेजारच्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवते. ते तिथं कधीपासून होतं कोण जाणे. मला झोपताना कळलंही नव्हतं.

मग मी तिथंच बसून राहिलो, माय, आणि मला ते कळलं जे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. फरशीखालचा पाईप फुटला तर फरशी ओली होते. पलंगावरची गादी ओली होत नाही. माझी चादर रोज कोण काढतं? कोण धुतं? तिनं रबरी चादर घातली ती फरशीचा डाग बघून नव्हे, गादी बघून. मी सगळ्यांना वाटी दाखवत होतो, उतार दाखवत होतो, तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं असतं तरी पुरे होतं, "मामा, मग गादी कशानं ओली व्हती?" तिच्या आईसमोर मी तिला खाली बघायला लावलं, तरी तिनं ते विचारलं नाही. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि चुकलं म्हणाली. आणि मग कधीतरी दुपारी बसून हे शिवलं.

तुझे शेवटचे दिवस आठवले. तुझी बाज ताडकळसच्या घरात आतल्या कोपऱ्यात होती, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. तुला धड उभं राहता येत नव्हतं, तरी सकाळी मी उठायच्या आत तू बाजेखालचा तो कोपरा सरपटत जाऊन सारवून ठेवायचीस. तेवढाच कोपरा. मी म्हणायचो, "रोज रोज काय सारवायलीस माय? कुणी बघाया येणार हाय का?" तू म्हणायचीस, तांब्या लवंडला. मी हसून म्हणायचो, तुझा तांब्या लईच लवंडतो. मातीची जमीन होती, ती सगळं पिऊन टाकायची, डाग ठेवायची नाही. पण दुसऱ्यांच्या घरातली ओल ओळखणाऱ्या मिस्त्रीला एवढं कळायला हवं होतं. तू त्या कोपऱ्यात किती लाजली असशील, आणि मी तुला थट्टेनं विचारत होतो. माझी सून मला त्यातलं काहीच विचारत नाही.

मी दुपटं न्हाणीत धुतलं. पिळताना हात भरून आले. सुनेनं धुतल्यासारखं स्वच्छ निघालं नाही. आता ते खिडकीच्या गजावर वाळत घातलंय, तिला दिसेल असं. आधी ते कपाटामागे टाकणार होतो, मग नाही टाकलं. आत स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज झालाय. थोड्या वेळानं ती चहा घेऊन येईल. त्या दिवसापासून ती आत येण्याआधी दाराबाहेर थांबून विचारते, "येऊ का मामा?" आजही विचारेल.

तोवर हा कागद फाडून टाकायला हवा. तुझा काही पत्ता नाही, आणि असता तरी मी तो लिहिला नसता. मिस्त्री म्हणून चूक कबूल करायला मी अख्खं घर गोळा केलं होतं. ही दुसरी चूक ऐकायला दारात एकच बाई उभी राहणार आहे, तरी माझी जीभ उचलत नाही. हे सगळं सुनेला सांगायचं होतं, माय. तिच्यापुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून तुला सांगितलं.